दूरशिक्षणातील संवाद आणि साहित्याचे अध्यापन : नाशिकच्या मुक्त विद्यापीठाच्या संदर्भात

१. प्रास्ताविक

नाशिक येथे १ जुलै १९८९ रोजी यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना झाली आणि महाराष्ट्रात दूरशिक्षणासाठी स्वतंत्र विद्यापीठ प्रथमच अस्तित्वात आले. भौतिकशास्त्राचे अध्यापक आणि पुणे विद्यापीठाचे माजी कुलगुरू डॉ. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू. गंगापूर धरणाजवळील परिसराला ‘ज्ञानगंगोत्री’ हे नाव देण्यात आले आणि ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे विद्यापीठाचे ब्रीद ठरले. ज्यांची शाळा मध्येच सुटली, ज्यांना नोकरी किंवा शेती सोडून महाविद्यालयात येणे शक्य नव्हते, ज्या स्त्रियांचे शिक्षण विवाहानंतर थांबले, अशांसाठी हे दार उघडले गेले. बारावी न झालेल्या प्रौढासही पूर्वतयारी शिक्षणक्रम पूर्ण करून पदवीच्या वर्गात प्रवेश घेता येऊ लागला. या घटनेचे सामाजिक मोल वादातीत आहे.

तथापि ब्रीदातील रूपकाकडे साहित्याच्या अभ्यासकाने थोडे निरखून पाहणे युक्त ठरेल. नदी उगमाकडून घराकडे वाहते. घराकडून उगमाकडे वाहत नाही. ज्ञान घरोघरी पोहोचविण्याची व्यवस्था कितीही विस्तारली, तरी त्या घरातून विद्यापीठाकडे काय परत येते, हा प्रश्न शिल्लक उरतो. दूरशिक्षणाच्या तंत्रज्ञानासंबंधी गेल्या काही दशकांत जी चर्चा झाली, तिच्या मुळाशी हाच प्रश्न आहे. टपाल, आकाशवाणी, दूरचित्रवाणी, उपग्रह, संगणक आणि मोबाइल या प्रत्येक साधनाचे स्वागत ‘आता दुहेरी संवाद शक्य होईल’ या अपेक्षेने झाले. ही अपेक्षा कितपत पूर्ण झाली आणि साहित्यासारख्या विषयात ती पूर्ण होण्यासाठी काय आवश्यक आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे : एखादे साधन आंतरक्रियात्मक आहे की नाही, हे त्याच्या यंत्ररचनेवरून ठरत नाही. विद्यार्थ्याने स्वतः केलेले वाक्य कोणी वाचते अथवा ऐकते का, आणि त्याच वाक्याला उद्देशून त्याला उत्तर मिळते का, यावरून ते ठरते. ही कसोटी लावली असता साधे पोस्टकार्डही आंतरक्रियात्मक ठरू शकते आणि महागडी उपग्रहप्रणालीही एकमार्गी राहू शकते.

२. आंतरक्रिया : संकल्पनेचे स्वरूप

दूरशिक्षणाच्या इतिहासात आयझॅक पिटमन यांचे उदाहरण नेहमी दिले जाते. इंग्लंडमध्ये १८४० साली एक पेनीची टपालसेवा सुरू झाली आणि पिटमन यांनी तिचा उपयोग लघुलेखन शिकविण्यासाठी केला. विद्यार्थ्याने उतारा लघुलिपीत लिहून पाठवावयाचा आणि तो दुरुस्त होऊन त्याच्याकडे परत यावयाचा, अशी ही पद्धत होती. या उदाहरणात महत्त्वाचे आहे ते परतीचे टपाल. पाठ पाठविणे हे ग्रंथविक्रेत्यालाही साधते. दुरुस्ती परत पाठविणे हे मात्र शिक्षकाचे काम होय.

विसाव्या शतकात या व्यवहाराला सैद्धांतिक रूप देणाऱ्या दोन अभ्यासकांचा उल्लेख येथे आवश्यक आहे. स्वीडिश शिक्षणशास्त्रज्ञ ब्योर्ये होल्मबर्ग यांनी असे मांडले की, दूरशिक्षणाचा चांगला पाठ हा मूलतः मार्गदर्शनपर संभाषण असतो. त्याची भाषा विद्यार्थ्याशी बोलणारी असावी आणि त्याच्या मनात उठणाऱ्या शंकांची दखल तिने घ्यावी. अमेरिकेतील मायकेल मूर यांनी ‘अंतर’ या संकल्पनेचीच फेरमांडणी केली. त्यांच्या मते दूरशिक्षणातील खरे अंतर मैलांत मोजावयाचे नसते. ते शिक्षक व विद्यार्थी यांच्या समजुतींतील अंतर असते. संवाद वाढला की ते कमी होते आणि पाठाची रचना ताठर झाली की ते वाढते. मूर यांनी आंतरक्रियेचे तीन प्रकार सांगितले : विद्यार्थी व आशय, विद्यार्थी व शिक्षक, आणि विद्यार्थी व विद्यार्थी. ही त्रिविध विभागणी त्यांनी मांडली ती १९८९ मध्ये, म्हणजे नाशिकच्या विद्यापीठाच्या स्थापनेच्याच वर्षी.

मराठीत ‘प्रतिसाद’, ‘आंतरक्रिया’ आणि ‘संवाद’ हे शब्द पुष्कळदा समानार्थी म्हणून वापरले जातात. विवेचनाच्या सोयीसाठी त्यांत भेद करणे इष्ट आहे. विद्यार्थी पर्यायापुढील चौकोनात खूण करतो आणि यंत्र ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ असे दर्शविते, तेव्हा प्रतिसाद घडतो. विद्यार्थ्याच्या कृतीनुसार पुढील पाठ बदलतो, तेव्हा आंतरक्रिया घडते. विद्यार्थ्याच्या म्हणण्यामुळे शिक्षकालाही आपले म्हणणे पुन्हा तपासावे लागते, तेव्हा संवाद घडतो. साहित्याच्या अध्यापनाला या तिसऱ्या पातळीची गरज असते.

३. छापील पाठ आणि लिखित संवादाची मर्यादा

मुक्त विद्यापीठाचे पहिले आणि अनेक वर्षे प्रमुख राहिलेले साधन म्हणजे छापील स्वयंअध्ययन-साहित्य. त्याची घडण पाठ्यपुस्तकाहून वेगळी आहे. घटकाच्या आरंभी उद्दिष्टे, नंतर प्रास्ताविक व विषय-विवेचन, मध्ये ठरावीक अंतराने स्वयंअध्ययन प्रश्न, शेवटी सारांश, पारिभाषिक शब्दांचे अर्थ, प्रश्नांची उत्तरे, स्वाध्याय आणि क्षेत्रीय कार्य असा त्याचा क्रम असतो. विवेचनाच्या मध्येच प्रश्न घालण्याचा हेतू उघड आहे : विद्यार्थ्याने थांबावे, लिहून पाहावे, मग उत्तराशी पडताळून पुढे जावे. कागदावर घडवून आणलेली ही आंतरक्रियाच आहे. तिला वीज लागत नाही आणि सुरगाण्याच्या पाड्यावरही ती चालू शकते. या साहित्याच्या जोडीला अभ्यासकेंद्रे, तेथील समंत्रक आणि सुट्टीच्या दिवशीची संपर्कसत्रे अशी योजना उभी राहिली.

मराठी साहित्याच्या परंपरेला प्रश्नोत्तररूप शिक्षण नवे नाही. शके १२१२ मध्ये नेवासे येथे सिद्ध झालेल्या ‘ज्ञानेश्वरी’त वक्ता श्रोत्यांकडे अवधान मागतो, आणि विवेचन लांबले की श्रोते त्याला मूळ विषयाकडे वळवितात. ‘लीळाचरित्रा’त श्रीचक्रधरांचे बहुतेक निरूपण कोणाच्या तरी प्रश्नातून किंवा समोर घडलेल्या प्रसंगातून निघते, महदाइसेची जिज्ञासा तर त्या ग्रंथाच्या वाचकाला सुपरिचित आहे. पुढे केशिराजबासांनी सूत्रे प्रसंगांपासून वेगळी करून ‘सूत्रपाठ’ सिद्ध केला, तेव्हा कोणते सूत्र कोणत्या प्रसंगी निघाले हे सांगणारी ‘प्रकरणवशा’ची परंपरा महानुभावांना उभी करावी लागली. प्रश्नापासून तोडलेले उत्तर कालांतराने दुर्बोध होते, याची ही सातशे वर्षांपूर्वीची साक्ष होय.

याच्या शेजारी महात्मा फुले यांची ‘गुलामगिरी’ (१८७३) ठेवली असता एक महत्त्वाचा भेद ध्यानात येतो. हे पुस्तक जोतीराव व धोंडिबा यांच्या संवादाच्या रूपात आहे. धोंडिबा शंका काढतो, पुरावा मागतो, आणि त्यामुळे युक्तिवादाला गती मिळते. परंतु धोंडिबाचे प्रश्नही जोतीरावांनीच लिहिलेले आहेत. प्रबोधनाच्या लेखनात हे स्वाभाविक आणि परिणामकारकही आहे. स्वयंअध्ययन-साहित्याचा लेखक नेमक्या याच स्थितीत असतो. घटकातील प्रश्न विद्यार्थ्याचे नसतात. विद्यार्थ्याला पडतील असे लेखकाला वाटलेले ते प्रश्न असतात. लेखक अनुभवी शिक्षक असेल तर त्याचा अंदाज बराचसा खरा ठरतो. तरीही अंदाजाबाहेरचा प्रश्न राहतोच, आणि साहित्याच्या अभ्यासात पुष्कळदा तोच प्रश्न मोलाचा असतो. लिखित संवादात ‘महदाइसा’ येऊ शकत नाही; ‘धोंडिबा’च येऊ शकतो. म्हणून छापील घटक उत्तम असला, तरी गृहपाठ व संपर्कसत्र यांशिवाय तो अपुरा ठरतो.

४. प्रक्षेपण, उपग्रह आणि प्रश्नाचा वाटा

भारतात दूरचित्रवाणीचा शैक्षणिक उपयोग मोठ्या प्रमाणावर प्रथम झाला तो उपग्रहाद्वारे केलेल्या १९७५-७६ च्या प्रयोगात. अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांपर्यंत कार्यक्रम पोहोचले. महाराष्ट्र त्या राज्यांत नव्हता. १९८४ साली विद्यापीठ अनुदान आयोगाचे देशव्यापी वर्गाचे प्रक्षेपण सुरू झाले. त्याच वर्षी पुण्यात ‘बालचित्रवाणी’ स्थापन झाली आणि शालेय पातळीवर मराठी शैक्षणिक कार्यक्रमांची निर्मिती होऊ लागली. ही संस्था २०१७ साली बंद झाली. या सर्व उपक्रमांनी पाहण्यासारखे पुष्कळ दिले. पण पाहणाऱ्याने मध्येच हात वर केला, तर तो पलीकडे दिसण्याची सोय त्यांत नव्हती.

ती सोय करण्याचा मोठा प्रयत्न म्हणजे ‘एज्युसॅट’. केवळ शिक्षणासाठी योजलेला हा उपग्रह २० सप्टेंबर २००४ रोजी श्रीहरिकोटा येथून सोडण्यात आला. त्याच्या प्रायोगिक टप्प्यात, इन्सॅट-३बी या आधीच्या उपग्रहाचा उपयोग करून, तीन विद्यापीठे निवडण्यात आली : बेळगावचे विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठ, भोपाळचे राजीव गांधी तंत्रशास्त्र विद्यापीठ आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. पहिली दोन तंत्रशिक्षणाची होती. सर्वसामान्य प्रौढ विद्यार्थ्यांसाठी आणि मुख्यतः मराठी माध्यमातून शिकविणारे विद्यापीठ त्यांत एकच होते. या दृष्टीने नाशिकचे उदाहरण विशेष अभ्यसनीय आहे.

एज्युसॅटच्या जाळ्यात दोन प्रकारची केंद्रे कल्पिलेली होती. काही केंद्रांतून उलट बोलता येई, तर काही केंद्रे केवळ ग्रहण करीत. म्हणजे ‘कोणाला बोलता येईल’ हा भेद यंत्राच्या रचनेतच अंतर्भूत होता. भूस्थिर उपग्रह विषुववृत्तापासून सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. त्यामुळे विद्यार्थ्याचा शब्द वर जाऊन खाली येण्यास सुमारे पाव सेकंद लागतो आणि प्रश्न व उत्तर मिळून अर्ध्या सेकंदाची फट पडते. ही फट व्याख्यानात जाणवत नाही. संभाषणात मात्र जाणवते, कारण दोघेही एकाच वेळी बोलू लागतात आणि एकाच वेळी थांबतात.

याहून मोठी अडचण गणिताची आहे. समजा, एका तासाच्या सत्राला शंभर केंद्रे जोडलेली आहेत आणि वीस मिनिटे प्रश्नांसाठी राखून ठेवली आहेत. एका प्रश्नोत्तराला दोन मिनिटे धरली, तर दहा केंद्रांना प्रत्येकी एक प्रश्न विचारता येईल. नव्वद केंद्रांना एकही नाही. म्हणजे तंत्रज्ञान दुहेरी असूनही बहुसंख्य विद्यार्थ्यांचा अनुभव एकमार्गीच राहील. वेग वाढविल्याने किंवा चित्र अधिक स्पष्ट केल्याने या गणितात फरक पडत नाही. उत्तर देणाऱ्या माणसांची संख्या वाढविल्यानेच तो पडतो. सप्टेंबर २०१० मध्ये एज्युसॅट सेवेतून निवृत्त झाला. पण हे गणित पुढे महाजालावरील वर्गांनाही तसेच लागू झाले. मार्च २०२० नंतर महासाथीच्या काळात महाराष्ट्रातील जवळजवळ प्रत्येक महाविद्यालयीन शिक्षकाने पडद्यावरील वर्ग घेतला. चौकटीतील नावे दिसतात, आवाज मात्र एकच ऐकू येतो, ही त्या वर्गांतील स्थिती सर्वांच्या परिचयाची आहे.

५. लिपी : दुर्लक्षित राहिलेला दुवा

विद्यार्थ्याचे वाक्य परत यावयाचे असेल, तर ते त्याला आपल्या लिपीत लिहिता आले पाहिजे. दूरशिक्षणाच्या तंत्रज्ञानाविषयीच्या चर्चेत या बाबीकडे फारसे लक्ष दिले जात नाही. मराठी विभागांनी तरी ते दिले पाहिजे.

देवनागरीची संगणकीय व्यवस्था घडविण्याचे काम कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत सुरू झाले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकने ते वाढविले. १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे राष्ट्रीय मानक निश्चित झाले, आणि त्याच वर्षी जगातील सर्व लिप्यांना सामावून घेऊ पाहणाऱ्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीचा समावेश झाला. प्रत्यक्ष व्यवहारात मात्र १९९० च्या दशकात मराठी मजकूर प्रायः वेगवेगळ्या कंपन्यांच्या अक्षरसंचांत जुळविला जाई. त्या संचांत पडद्यावर देवनागरी दिसे. पण आत साठविलेले संकेत रोमन अक्षरांचे असत. तोच अक्षरसंच पलीकडच्या संगणकावर नसेल, तर मजकूर निरर्थक चिन्हांच्या रांगेसारखा दिसे. छपाईसाठी ही पद्धत पुरेशी होती, कारण छपाईत मजकूर कागदावर उतरला की काम संपते. पत्रव्यवहारासाठी ती निरुपयोगी होती. अशा रीतीने विद्यापीठाला मराठीत छापता येत होते. विद्यार्थ्याला मराठीत उत्तर धाडता येत नव्हते.

युनिकोड सर्वसामान्य संगणकांवर आणि पुढे मोबाइलवर रुळल्यानंतर ही कोंडी फुटली. तरी मराठीच्या काही खास गरजा उशिरानेच भागल्या. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दोन भिन्न शब्द आहेत. पहिल्यात विद्वान आहेत, दुसऱ्यात स्वयंपाकी. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतही समुद्र आणि दरी यांचे अंतर आहे. हिंदीला या भेदाची गरज नसल्याने हिंदीपुरता विचार करून केलेल्या साधनांत तो नीट उमटत नसे. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ साली मिळाले. २०१७ मध्ये मराठी बोलून टंकलेखन करण्याची सोय गूगलने उपलब्ध करून दिली. टंकलेखनाची सवय नसलेल्या प्रौढ विद्यार्थ्यांच्या दृष्टीने ही सोय महत्त्वाची आहे. परंतु अशी साधने मुख्यतः प्रमाण उच्चार गृहीत धरतात. बागलाणातील अहिराणीभाषक किंवा पेठ तालुक्यातील कोकणाभाषक विद्यार्थ्याचे बोलणे यंत्राने प्रमाण मराठीत ‘सुधारून’ लिहिले, तर सोय झाली असे म्हणावे की आवाज बदलला असे म्हणावे, हा भाषेच्या अभ्यासकाने विचारावयाचा प्रश्न आहे.

६. साहित्याच्या पाठातील आंतरक्रिया : एक उदाहरण

येथवरच्या विवेचनाची प्रत्यक्ष पाठात काय फलश्रुती होते, हे पाहण्यासाठी काव्यशास्त्रातील शब्दशक्ती हा पदवीच्या वर्गात नेहमी शिकविला जाणारा घटक घेता येईल. संस्कृत शास्त्रकार लक्षणेसाठी गंगेवरील गवळीवाड्याचे उदाहरण देतात. नाशिकच्या विद्यार्थ्यासाठी त्याऐवजी ‘गोदेवर बुधवारचा बाजार भरतो’ हे वाक्य घेता येईल.

पहिल्या पातळीवरचा प्रश्न असा असेल : या वाक्यात अभिधा, लक्षणा व व्यंजना यांपैकी कोणती शब्दशक्ती आहे? संगणक हा प्रश्न सहज तपासू शकतो. पाण्याच्या प्रवाहावर बाजार भरणे अशक्य, म्हणून मुख्यार्थाचा बाध, सामीप्याच्या संबंधाने ‘गोदाकाठी’ हा लक्ष्यार्थ, म्हणून लक्षणा. ‘अभिधा’ हा पर्याय निवडणाऱ्यास यंत्र ‘चूक’ असे सांगेल. पारिभाषिक शब्दांच्या सरावासाठी एवढे पुरेसे आहे आणि त्यात शिक्षकाचा वेळ खर्च होऊ नये.

दुसऱ्या पातळीवर ‘चूक’ या शब्दाऐवजी पुढचा प्रश्न ठेवावा लागतो : ‘बाजार पाण्यावर भरू शकेल का? नसेल, तर “काठी” हा अर्थ आपण कोठून आणला?’ विद्यार्थ्याने कोणता पर्याय निवडला, त्यानुसार हे प्रत्याभरण वेगवेगळे लिहावे लागते. येथे कौशल्य यंत्राचे नसते, तर पाठलेखकाचे असते. प्रत्येक चुकीमागे कोणता विचार असू शकेल, हे ज्याला ठाऊक आहे तोच हे लिहू शकतो. होल्मबर्ग यांना अभिप्रेत असलेले मार्गदर्शनपर संभाषण ते हेच.

तिसऱ्या पातळीवर विद्यार्थ्याला आपले कारण लिहावयास सांगितले जाते. आता एखादा विद्यार्थी असे लिहील : ‘पाणी ओसरले की विक्रेते पात्रातल्या फरशीवरच बसतात. मग मुख्यार्थाचा बाध कोठे झाला? ही अभिधाच आहे.’ पर्याय तपासणाऱ्या यंत्राने या विद्यार्थ्याला शून्य गुण दिले असते. वस्तुतः त्याला मुख्यार्थबाधाची अट पुस्तकातील व्याख्या पाठ करणाऱ्यापेक्षा अधिक कळली आहे. लक्षणा शब्दात नसून शब्द आणि परिस्थिती यांच्या संबंधात असते, हे त्याने ओळखले आहे. दुसरा एखादा म्हणेल की, असे बोलताना कोणालाही बाध जाणवत नाही, म्हणून ही रूढ झालेली लक्षणा होय. या दोन उत्तरांना दोन वेगळी प्रत्युत्तरे द्यावी लागतात आणि ती देण्यासाठी उत्तर वाचणारा शिक्षकच हवा.

व्यंजनेच्या बाबतीत ही गोष्ट अधिकच ठळक होते. ‘सूर्य मावळला’ या अर्थाच्या एका वाक्यातून श्रोत्यागणिक वेगवेगळे अर्थ कसे ध्वनित होतात, हे मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त दाखविले आहे. कोण बोलतो आणि कोणाशी बोलतो, यांवर व्यंग्यार्थ अवलंबून असतो. द्राक्षबागेतील मजुराला त्यात काम थांबविण्याची सूचना ऐकू येईल, रामकुंडावरील पुजाऱ्याला आरतीची वेळ, आणि तालुक्याच्या गावी आलेल्या विद्यार्थिनीला शेवटची एस.टी. चुकण्याची भीती. तेव्हा ‘या वाक्याचा व्यंग्यार्थ कोणता?’ असा बहुपर्यायी प्रश्न काढणे हे व्यंजनेच्या व्याख्येशीच विसंगत आहे. ‘हे वाक्य आपल्या घरी कोण, कोणाला, केव्हा म्हणते?’ हा प्रश्न मात्र योग्य ठरतो, आणि त्याचे उत्तर पाठलेखकाजवळ तयार नसते. स्वयंअध्ययन-साहित्याची जी मर्यादा वर सांगितली, ती ओलांडण्याची वाट येथे दिसते.

२०२२ च्या अखेरीपासून सर्वांना उपलब्ध झालेल्या संभाषणक्षम संगणकप्रणालींमुळे या प्रश्नाला नवे वळण मिळाले आहे. विद्यार्थ्याच्या मुक्त उत्तराला मराठीत सुसंगत वाक्यांत प्रत्युत्तर देणे आता यंत्रालाही बऱ्याच अंशी साधते. दुसऱ्या पातळीवरील कामासाठी, म्हणजे व्याख्येचे पुनःस्पष्टीकरण, आणखी उदाहरणे, लेखनातील सुधारणा यांसाठी, अशा साधनांचा उपयोग नाकारण्याचे कारण नाही. परंतु ही साधने अस्तित्वात नसलेले ग्रंथ व संदर्भ आत्मविश्वासाने सांगतात, हेही अनुभवास आले आहे. जवळ ग्रंथालय नसलेल्या आणि पडताळा घेण्याची सोय नसलेल्या दूरस्थ विद्यार्थ्याला याचा धोका सर्वाधिक आहे. शिवाय विद्यार्थ्याच्या उत्तरामुळे शिक्षकाने आपला पाठ बदलणे, हे संवादाचे जे लक्षण वर सांगितले, ते केवळ यंत्रावर सोपविल्याने साधत नाही. विद्यार्थ्यांनी काय लिहिले, हे विद्यापीठातील कोणी तरी वाचावेच लागते.

७. विखुरलेपण : अडचण की सामर्थ्य?

मूर यांनी सांगितलेली तिसरी आंतरक्रिया, विद्यार्थी व विद्यार्थी यांमधील, दूरशिक्षणात सर्वांत दुर्बळ राहिली आहे. विद्यार्थी विखुरलेले आहेत, हे तिचे कारण दिले जाते. भाषा व साहित्य यांच्या अभ्यासात मात्र हे विखुरलेपण सामर्थ्य ठरू शकते. कोणत्याही एका महाविद्यालयाच्या वर्गात अहिराणी, मालवणी आणि वऱ्हाडी बोलणारे विद्यार्थी एकत्र येण्याचा संभव कमी. मुक्त विद्यापीठाच्या एका शिक्षणक्रमात ते सहज असतात. मुलाला अहिराणीत ‘अंडोर’, मालवणीत ‘झील’ आणि वऱ्हाडीत ‘पोट्टा’ म्हणतात, हे पुस्तकात वाचणे वेगळे आणि तीन सहाध्यायांनी आपापल्या घरचे शब्द वाक्यांसह पाठविलेले वाचणे वेगळे.

घटकाच्या अखेरीस ‘क्षेत्रीय कार्य’ असतेच. ते आजवर बहुधा एकट्या विद्यार्थ्याने करावयाचे आणि कोणी न वाचावयाचे काम राहिले. लिपीची व दळणवळणाची सोय झाल्यावर त्याला सामूहिक रूप देणे शक्य आहे. राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने डेक्कन कॉलेजने केलेले मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण महाजालावर उपलब्ध आहे. विद्यार्थ्याने आपल्या गावची सामग्री नोंदवावी, सर्वेक्षणातील सामग्रीशी ती ताडून पाहावी आणि दुसऱ्या जिल्ह्यातील सहाध्यायाच्या नोंदीवर अभिप्राय लिहावा, असा स्वाध्याय देता येईल. ओव्या, म्हणी, विधिगीते, स्थलनामकथा यांनाही हीच पद्धत लागू पडेल. यात विद्यार्थी केवळ ग्रहण करणारा राहत नाही. ज्ञानसामग्री पुरविणारा होतो. प्रमाण भाषेच्या परीक्षेत ज्याला नेहमी कमी गुण मिळाले, तोच येथे माहीतगार ठरतो, ही बाब शैक्षणिक न्यायाच्या दृष्टीनेही लक्षणीय आहे.

८. समंत्रकाचे श्रम

आतापर्यंतच्या विवेचनाचा सूर एकाच दिशेने जातो : आंतरक्रियेची किंमत मुख्यतः वेळेत मोजावी लागते. एका समंत्रकाकडे साठ विद्यार्थी आहेत, प्रत्येकाचे चार गृहपाठ आहेत आणि प्रत्येक गृहपाठ वाचून त्यावर चार ओळी लिहिण्यास पंधरा मिनिटे लागतात, असे मानले, तर साठ तास होतात. हे समंत्रक बहुधा महाविद्यालयांतील कार्यरत अध्यापक असतात आणि त्यांचे हे काम नेहमीच्या कामाव्यतिरिक्त असते. या साठ तासांची तरतूद नसेल, तर गृहपाठावर केवळ गुण पडतात आणि परतीचे टपाल रिकामे राहते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या विनियमांनी दूरस्थ व ऑनलाइन शिक्षणक्रमांची एकत्रित चौकट घालून दिली, आणि मुक्त विद्यापीठांखेरीज इतर विद्यापीठांनाही पात्रतेनुसार या क्षेत्रात येता आले. त्यामुळे हा प्रश्न आता नाशिकपुरता राहिलेला नाही; तो प्रत्येक मराठी विभागाचा झाला आहे.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात :

१. साधनाचे मूल्यमापन ते किती जणांपर्यंत पोहोचते यावर न थांबता, किती जणांच्या वाक्यांना त्यातून उत्तर मिळते यावर करावे.

२. छापील स्वयंअध्ययन-साहित्य हे आंतरक्रियात्मक तंत्रज्ञानच आहे. पडद्यावर नेताना त्यातील प्रश्नांची रचना टिकविली पाहिजे. केवळ पानांची छायाचित्रे पडद्यावर आणल्याने काही साधत नाही.

३. यंत्राने तपासावयाचे प्रश्न, प्रत्याभरणासह द्यावयाचे प्रश्न आणि शिक्षकानेच वाचावयाचे प्रश्न असे तीन वर्ग प्रत्येक घटकात जाणीवपूर्वक करावेत. पहिल्या दोन वर्गांतून वाचणारा वेळ तिसऱ्यासाठी राखून ठेवावा.

४. विद्यार्थ्यांची अनपेक्षित उत्तरे जतन करून घटकाच्या पुढील आवृत्तीत त्यांचा समावेश करावा. ‘प्रकरणवशा’ने सूत्रांना त्यांचे प्रसंग परत मिळवून दिले, तसेच हे काम आहे.

५. बोलीभाषक विद्यार्थ्याला आपल्या बोलीत नोंद करण्याची मुभा आणि सोय असावी.

या विषयावर संशोधनाला पुष्कळ वाव आहे. दूरस्थ विद्यार्थ्यांच्या गृहपाठांतील साहित्यविषयक प्रतिक्रियांचा अभ्यास, समंत्रकांच्या शेऱ्यांच्या भाषेचा अभ्यास, मराठी स्वयंअध्ययन-साहित्याच्या गद्यशैलीचा १९८९ पासूनचा आढावा, हे सर्व प्रबंधाचे विषय होऊ शकतात. त्यांची सामग्री अभ्यासकेंद्रांच्या कपाटांत आणि संगणकांत साठलेली आहे. विद्यार्थ्यांनी ती लिहून केव्हाच पाठविलेली आहे. आता ती वाचली जाण्याची आवश्यकता आहे.